प्लॅस्टर नसलेला हात

माझ्या चुलत बहिणीच्या हाताला प्लॅस्टर होतं आणि माझ्या हाताला नव्हतं. माझ्या आजारपणाची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरुवात करावी लागेल.

हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेल्या ही बहीण, सोनल, आणि मी या दोघीच पहिल्या. आपण काही लिहावं आणि ते लोकांनी वाचावं, याची मला सवय नाही. पण फिजिओथेरपीसाठी ताटकळत बसलेली माणसं बाकावर एकमेकांना जे सांगतात, त्यातलं थोडं जरी मला आधी कळलं असतं, तर माझा खांदा सहा आठवडे निखळलेला राहिला नसता. म्हणून लिहिते. यात मी फार चांगली दिसणार नाही. खांद्याचं तेवढं खरं सांगायचं आणि मनातलं झाकून ठेवायचं, असं करून पाहिलं, जमलं नाही.

कूलर

आमचं गाव अमडापूरजवळ. बाबा अमडापूर ते चिखली जीप चालवतात. त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे आमचे मोठे बाबा, शेती बघतात. घर एक, चूल एक. सोनल ही मोठ्या बाबांची मुलगी, माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. आम्ही एका खोलीत झोपायचो, बाबांच्या जीपने चिखलीच्या कॉलेजात जायचो आणि सकाळी शाळेच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करायचो.

धावण्यात सोनल पुढे, गोळाफेकीत मी. माझा गोळा तिच्यापेक्षा हातभर तरी लांब पडायचा. त्याचं कारण मला माहीत होतं. गोळा सोडायच्या क्षणी मी मागच्या पायाची टाच बाहेर फिरवायचे, त्यामुळे कमरेचा सगळा जोर खांद्यात यायचा. सोनल नुसत्या हाताने ढकलायची. तिने दोन-तीनदा विचारलं होतं, "तुहा गोळा इतका कसा जाते वं?"

"मी भाकर जास्त खातो ना," मी म्हणायचे. टाचेचं कधी सांगितलं नाही.

मार्च संपता संपता सोनल कॉलेजच्या फाटकापाशी मैत्रिणीच्या स्कूटीवरून पडली. डावं मनगट मोडलं. कोपरापर्यंत पांढरंशुभ्र प्लॅस्टर घालून ती घरी आली आणि आमच्या घराला जत्रेचं रूप आलं. मामा सफरचंदं घेऊन आले. आत्या बिस्किटांचे पुडे घेऊन आली. वर्गातल्या मुलींनी प्लॅस्टरवर नावं लिहिली, एकीने मोर काढला. मोडला होता डावा हात, पण मोठी आई, म्हणजे सोनलची आई, तिला स्वतःच्या हाताने घास भरवायची. मी समोर बसून जेवायचे आणि तो मोर बघायचे.

आमच्या खोलीतला कूलर लोखंडी पत्र्याचा. त्यात पाणी भरायच्या आमच्या पाळ्या होत्या, एक दिवस तिची, एक दिवस माझी. त्या दुपारी पाळी तिची होती.

"प्लॅस्टरवर पाणी उडते वं, तूच भर," ती पलंगावरून म्हणाली.

"एका हातानं भर ना. उजवा तर चांगला हाय."

"आईऽ, पाह्य ना ही कशी करते."

मी बादली उचलली. रागातच. फरशी ओली, पाय अनवाणी, कूलर चालू. पाणी ओतताना उजवा हात पत्र्याला टेकला तो सुटेचना. कोणीतरी खांदा पिळून मागे ओढतंय असं वाटलं. ओरडले की नाही, आठवत नाही. सोनल ओरडली, हे आठवतं. मोठ्या आईने धावत येऊन मेन स्विच पाडला आणि मी बादलीसकट खाली आले.

मोठ्या आईबद्दल पुढे जे लिहिणार आहे त्याआधी हे लिहून ठेवते, की मी जिवंत आहे ती तिच्यामुळे.

मुका मार

बाबांनी जीपमधले प्रवासी रस्त्यातच उतरवले आणि मला चिखलीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे सगळ्यांचं लक्ष माझ्या छातीकडे होतं. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, सलाईन लावलं, काळी पडलेली दोन बोटं बांधली. शॉक लागलेल्या माणसाचं हृदय आधी बघायचं असतं, हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी म्हणत होते, खांदा दुखतो. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला संकोच वाटला. एवढ्या मोठ्या धोक्यातून वाचल्यावर खांद्याचं काय घेऊन बसायचं, असं मलाच वाटलं.

तरी समोरून एक एक्स-रे काढला. "हाडाला बारीकशी चीर आहे. बाकी मुका मार. तीन आठवडे हात झोळीत ठेवा, मग हळूहळू हलवा." प्लॅस्टर नको म्हणाले. आई तिथल्या तिथे हात जोडून पाया पडायला निघाली होती.

घरी आले तेव्हा सोनल दारात उभी होती. रडून डोळे सुजलेले. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिच्या प्लॅस्टरवरच्या मोराकडे बघितलं. माझ्या गळ्यात निळ्या कापडाची झोळी होती, तिच्यावर कोणाला काही लिहिता येणार नव्हतं.

भेटायला आलेली माणसं पहिले दोन दिवस माझ्याजवळ बसली. "देवानं वाचवलं माय," म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सोनलजवळ बसायला लागली. वाचलेल्या माणसाला विचारायचं काय? तिचं तर हाड मोडलं होतं.

पेन धरता येते

तीन आठवडे झाले, झोळी काढली. हात पोटाशी दुमडलेला होता तो तसाच राहिला. सुरुवातीसारख्या कळा येत नव्हत्या, पण हात बाहेरच्या बाजूला वळत नव्हता आणि वर तर अजिबात जात नव्हता. आई रोज मोहरीचं तेल कोमट करून खांदा चोळायची. मी दात आवळून बसायचे. दुखतंय म्हणजे जिरतंय, असं आमच्याकडे मानतात.

मधे परीक्षा आली. मी वही पोटाशी ओढून, कोपर बरगडीला चिकटवून पेपर लिहिले. सावकाश लिहिता येत होतं, कारण लिहायला खांदा लागत नाही, मनगट लागतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला त्याचा आनंद झाला होता. घरी मात्र ते लिहिणंच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरलं.

दादाचं, म्हणजे सोनलच्या मोठ्या भावाचं लग्न जवळ आलं होतं. घरात कामाला अंत नव्हता. एका सकाळी मोठी आई परातीत ज्वारीचं पीठ मळून म्हणाली, "ये वं, चार भाकरी थाप."

मी बसले. गोळा घेतला. डाव्या हाताने थापायला लागले, भाकर एका बाजूला पळाली आणि फाटली.

"उजवा काऊन नाही लावत?"

"जात नाही मोठी आई."

"पेन धरता येते, पेपर लिव्हता येते, अन् भाकर थापाले हात जात नाही?" ती आईकडे वळली. "तुह्या पोरीचा हात कॉलेजात बरा होते अन् चुलीपाशी मोडते."

 आईने माझ्यासमोरून परात ओढून घेतली आणि स्वतः थापायला लागली. आईने माझी बाजू घेतली नाही, हे मला भाकरीच्या टोमण्यापेक्षा जास्त लागलं. तिलाही खात्री वाटत नव्हती. आणि खरं सांगते, मलाही वाटत नव्हती. रात्रंदिवस ऐकलं की माणसाला स्वतःचीच शंका येते. मी खरंच हात चोरते आहे का?

मारुतीच्या देवळातल्या भंडाऱ्यात मी प्रसादाला डावा हात पुढे केला. वाढणारे आजोबा पळी वरच धरून थांबले. "उजवा कर पोरी. प्रसाद हाय तो." मी उजवा केला. तो पालथाच पुढे आला. मग डाव्या हाताने त्याला खालून आधार देऊन कशीबशी वाटी केली, अर्धा शिरा जमिनीवर. मागे रांगेत कोणीतरी हसलं. त्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. माझ्या तरी.

त्याच आठवड्यात सोनलचं प्लॅस्टर कापलं. ती मोराचं कवच घरी घेऊन आली आणि कपाटावर ठेवलं. फिजिओथेरपीच्या ताईंनी तिला व्यायाम शिकवले होते, मनगट असं फिरव, चेंडू असा दाब. मोठे बाबा तिच्याबरोबर बसून मोजायचे. मला कोणी एकही व्यायाम दिला नव्हता. पंधरा दिवसांत ती मैदानावर जायला लागली. जाताना दारात थांबून विचारायची, "येते का वं, नुसती बसाले?"

"नाही."

मला तिच्या मनगटाचा हेवा वाटत होता असं म्हटलं तर कमी होईल. मला तिच्या मोडण्याचा हेवा वाटत होता. तिचं दुखणं सगळ्यांना दिसत होतं, त्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि ते कापून काढून कपाटावर ठेवता येत होतं.

बांगड्या

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा शकीला चाची बांगड्या भरायला आली. आमच्या गावातल्या तिन्ही पिढ्यांना तिनेच बांगड्या भरल्या आहेत. ओट्यावर चादर अंथरून ती बसली, काचेच्या हिरव्या बांगड्यांचे दोऱ्यात बांधलेले मोळे सोडले आणि घरच्या बाया एकेक पुढे सरकल्या. सोनलची पाळी आली. तिचं डावं मनगट बारीक झालं होतं, चाचीने ते दोन्ही हातांत धरून कुरवाळलं. "दुखते का बेटी? नाही ना? मग हे घे." एक डझन बांगड्या सरसर गेल्या. सोनलने दोन्ही हात वर करून वाजवून दाखवले. सगळ्या हसल्या.

मग मी.

डावा झाला. चाची म्हणाली, "उजवा आन." तिने बोटं धरून हात पुढे ओढला आणि तळवा वर करायला गेली. मी कळवळले.

"ढिला सोड ना बेटी."

"सोडलाच हाय चाची."

"तिचं तसंच हाय," मोठी आई मागून म्हणाली. "कामाचं नाव काढलं का आखडते तो हात."

एरवी अशा बोलण्यावर चाची हसली असती, चार टोमणे तिनेही मारले असते. ती हसली नाही. तिने माझी बोटं सोडली, मग कोपर धरलं, मग हळूच खांद्यावर तळहात ठेवला. पुढून दाबलं, मागून दाबलं.

"दोन्ही हात समोर कर," ती म्हणाली. "आम्ही दुआ मांगतो ना, तसे."

मी केले. डावा तळवा आभाळाकडे झाला. उजवा अर्ध्यातच थांबला, आडवा, भिंतीकडे तोंड करून. मी जोर लावला. घाम आला. तो वळला नाही.

"अजून वर कर."

"होत नाही."

 चाची मोठ्या आईकडे बघून म्हणाली, "भाभी, चाळीस साल झाले, हात धरून राह्यली मी. कोणता हात बांगडीले भेते, कोणता नखरे करते, मले समजते. हा भेत नाही. हा खांद्यातच अटकला. मी काही डाक्टर नाही, पण या पोरीले मोठ्या डाक्टरकडे ने. लग्न होत राह्यल."

तेव्हा सोनल बोलली. "आई, हिची वेणी रोज मीच घालून राह्यली. हिचा हात कानापर्यंतबी जात नाही."

"मग सांगितलं काऊन नाही?" मोठी आई तिच्यावर ओरडली.

"मले वाटलं ही माह्यावर रागावली हाय. म्हणून मुद्दाम माह्याकडून करून घेते." तिचे डोळे भरले. "पाळी माही होती ना त्या दिवशी."

सहा आठवड्यांत पहिल्यांदा सगळं घर माझ्या बाजूने झालं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं. मला मात्र एकच दिसत होतं, की हातभर बांगड्या घालून रडतानाही सगळ्या बाया तिलाच जवळ घेत होत्या. माझा उजवा हात मोकळाच राहिला.

जुनीच फिल्म

दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला अकोल्याला नेलं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी मला आधी काही विचारलं नाही. "हात बाहेर वळव. तळवा वर कर. बरं." मग त्यांनी चिखलीचा जुना एक्स-रे मागितला. तो आम्ही नेला होता, पण बाबा म्हणाले, "त्यात काही नाही साहेब. मुका मार हाय."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. "खांद्याच्या हाडाचं वरचं टोक इथे कसं दिसतंय? दोन्ही बाजूंनी सारखं गोल. विजेच्या बल्बसारखं. असं दिसायला नको. हाड उखळीतून, म्हणजे खांद्याच्या खोबणीतून, मागे सरकलंय. समोरून काढलेल्या फोटोत ते उखळीसमोरच दिसतं, म्हणून चुकतं. बाजूने काढला असता तर कळलं असतं."

विजेने निखळलं आणि बल्बसारखं दिसलं, आणि तो बल्ब सहा आठवडे आमच्या घरी कपड्यांच्या पेटीखाली पडून होता. बाबा फिल्मकडे बघत उभे राहिले. त्यांनी ती फिल्म स्वतःच्या हाताने नीट सपाट करून ठेवली होती, दुमडू नये म्हणून.

बाजूचा एक्स-रे झाला, स्कॅन झाला. हाड मागे सरकून उखळीच्या काठावर अडकलं होतं, काठाने त्याला खोल खाच पाडली होती आणि ती 'बारीकशी चीर' म्हणजे तिथलाच तुटलेला तुकडा होता. आम्ही रोज तेल लावून चोळत होतो ते हे.

"शॉकमध्ये किंवा फिट आली की स्नायू एवढ्या जोरात आवळतात की खांदा मागे निखळतो," डॉक्टर म्हणाले. "आता नुसता ओढून बसणार नाही. उघडून बसवावा लागेल. अजून उशीर झाला असता तर हाडाचं टोकच बदलावं लागलं असतं."

बाबांनी विचारलं, "हात येईल ना साहेब माह्या पोरीचा?"

"येईल. किती, ते आत्ता सांगत नाही."

मी धीर करून विचारलं, "गोळाफेक?"

त्यांनी चष्मा काढला. "आधी स्वतःचे केस विंचरण्याचं बघू."

बाहेर बाकावर आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, खामगावकडच्या. त्या सकाळी मोरीत पाय घसरून त्यांचा खांदा निखळला होता. त्यांना आत नेलं. थोड्या वेळात हात गळ्यात बांधून हसत बाहेर आल्या. "बसला वं माय! कट्‌कन आवाज आला, बसला." नातवाला म्हणाल्या, "चाल, चहा पाज." मी त्या आजींकडे ज्या नजरेने बघितलं ती आठवली की आजही लाज वाटते. एका सकाळचं दुखणं, त्याच सकाळी संपलं. सत्तरीच्या बाईचा मला इतका हेवा वाटला की मी तोंड फिरवलं, त्या "येतो बाई" म्हणाल्या त्याला उत्तरही दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी

दवाखान्यात भरती व्हायची तारीख नेमकी दादाच्या लग्नाची आली. चार दिवस थांबू का, असं मोठ्या बाबांनी एकदाच विचारलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोंडावर उत्तर दिलं, "सहा हप्ते थांबलो ना भाऊजी." मोठ्या बाबांनी तारीख तीच राहू दिली. पण त्या दिवसापासून आई आणि मोठी आई यांचं बोलणं तुटलं. एकाच चुलीवर दोघी, आणि मधे मीठ मागायलाही मला पुकारायच्या.

वॉर्डात माझ्या पलंगावर आई-बाबा बसले होते आणि तिकडे वरात निघाली होती. सोनलने फोनवर व्हिडिओ पाठवले. ती दोन्ही हात डोक्यावर नेऊन नाचत होती. हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या. मी तो व्हिडिओ सात-आठ वेळा पाहिला. लग्न बघायला नाही. ती हात वर नेताना तिचा खांदा कसा फिरतो ते बघायला.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हाड जागेवर आणलं, खाचेत शेजारच्या हाडाचा तुकडा त्याच्या स्नायूसकट बसवून स्क्रूने आवळला, एवढं मला समजलं. जाग आली तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती माझा तळहात. हात पोटाशी नव्हता. उशीसारख्या एका जाड पट्ट्याने तो कमरेपासून दूर, बाहेर वळवून बांधला होता. मी बोटं हलवली. हलली.

तिसऱ्या दिवशी मोठी आई आली. घरात नवी सून, अंगणात मांडव तसाच, आणि ही बाई एसटीने एकटी अकोल्याला. डब्यात लग्नातली बुंदी आणि सहा भाकरी. आई उठून खिडकीशी गेली. मोठी आई पलंगावर माझ्या मागे बसली, कंगवा काढला आणि चार दिवसांचा गुंता सोडवायला लागली.  वेणीच्या शेवटी रबर लावताना म्हणाली, "तुह्या माईले म्हण, भाकर खाऊन घे म्हणा. गार झाली."

आई खिडकीतूनच म्हणाली, "तिले म्हण, तिनंबी खाल्ली नसल."

मी कोणालाच काही म्हटलं नाही. दोघींना ऐकू आलं होतं. थोड्या वेळाने दोघी एकाच डब्यातून जेवल्या.

बाहेर वळलेला हात

सहा आठवडे तो पट्टा होता. हात पुढे आणि बाहेर, तळवा उघडा. बाबांच्या जीपमध्ये बसले की चढणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय वं, तिकिटाचे पैसे तूच घेते का?" आता भेटायला येणारे माझ्यासाठी येत होते. सफरचंदंही आली. मला वाटलं होतं, हे मिळालं की पोटातली आग शांत होईल. नाही झाली. सोनल मार्कर घेऊन आली, पट्ट्यावर काहीतरी काढू म्हणाली. "नको," मी म्हटलं. "तुह्या मोरासारखं हे नाही." ती मार्करचं टोपण लावून गेली. त्या दिवशीही संध्याकाळी वेणी घालायला मात्र आली.

मग व्यायाम. चिखलीला, आठवड्यातून तीनदा. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलायचं. भिंतीवर बोटं चढवायची. ताईंनी भिंतीवर पेन्सिलने खूण केली होती. काही आठवडे मी ती खूण ओलांडलीच नाही. तिथे बाकावर भेटलेल्यांत एक दादा होते, त्यांना मिरगीचा झटका आला होता आणि त्यांचा खांदाही असाच राहून गेला होता. त्यांच्या घरचेही म्हणायचे, फिटीनंतर अंग दुखतंच.

म्हणून मी डॉक्टर नसले तरी एवढं लिहून ठेवते. घरात कोणाला शॉक लागला, फिट आली किंवा कोणी जोरात पडलं, आणि आधी जीव वाचला, तर नंतर त्याचे दोन्ही हात समोर करायला सांगा. तळवे वर होतात का बघा. एक होत नसेल तर त्याला जबरदस्तीने वळवू नका, चोळू नका, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेबद्दल विचारायला लाजू नका. आणि तो माणूस काम चोरतो असं म्हणण्याआधी चार दिवस थांबा. हात चोरणाऱ्याला प्रसाद घ्यायला काही अडचण येत नाही.

टाच

भरतीचा अर्ज मी भरला नाही. सोनलने भरला. अर्जाच्या दिवशी मी पोट दुखतं म्हणून घरीच राहिले. बाबांना सगळं कळत होतं. त्यांनी नुसता कूलर उचलून अंगणात नेला आणि त्याची सगळी वायर नव्याने घातली, अर्थिंगची तार जमिनीत पुरली, आणि तीनदा टेस्टर लावून बघितला. सहा महिने उशिरा.

थंडीत मी पुन्हा मैदानावर जायला लागले. नुसती बसायला. आता माझा हात खांद्याच्या वर जातो, डोक्यापर्यंत जातो, पाठीमागे मात्र जात नाही. केस विंचरता येतात, वेणीचे शेवटचे चार वेढे राहतात. डॉक्टर म्हणतात, अजून थोडा येईल. गोळ्याबद्दल ते काही म्हणत नाहीत आणि मी आता विचारत नाही.

सोनलची मैदानी चाचणी दहा दिवसांवर आली होती. ती सतत गोळा टाकत होती आणि तो सतत एकाच जागी पडत होता, माझ्या जुन्या खुणेच्या हातभर अलीकडे. टेपचं एक टोक माझ्याकडे होतं. मी आकडा वाचायचे, ती तोंड वाकडं करायची. सातव्यांदा तसंच झालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं.

आठव्यांदा ती टाकायला उभी राहिली तेव्हा डाव्या मनगटाला चोळत होती. थंडीत ते अजून दुखतं, हे मला माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं.

गोळा पुन्हा तिथेच पडला. मी उठले, गोळ्यापाशी गेले. वाकून दोन्ही हातांनी उचलला आणि मग डावा हात काढून घेतला. उजव्या तळव्यावर चार किलोचा थंड लोखंडी गोळा होता, तळवा आभाळाकडे. कोपर अंगाशी धरूनच, पण मी तो एका हातावर तिच्यापर्यंत घेऊन आले.

"मागच्या पायाची टाच बाहेर फिरव," मी म्हटलं. "सोडताना. तू टाच फिरवतच नाही."

तिने एकदा गोळा न घेताच फिरून बघितलं. कंबर आपोआप वळली. ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हे तुले कधीपासून माहीत हाय?"

"पहिल्यापासून."

"मग आधी काऊन नाही सांगितलं वं?"

"तू मले हरवलं असतं."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने माझ्या तळव्यावरून गोळा उचलला आणि रेषेकडे गेली. मी टेपचं टोक घेऊन माझ्या जुन्या खुणेच्या दोन पावलं पुढे जाऊन उभी राहिले.